प्रस्ताव शेवटाकडून लिहावा

मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात पाण्याचं काम करणाऱ्या एका लहान संस्थेची मी सचिव आहे. संस्थेचे शासकीय अनुदानाचे प्रस्ताव गेली अनेक वर्षं माझ्याच टेबलावरून जातात. आमचा तालुका संत्र्याचा. वरच्या अंगाला सातपुडा, खाली वर्धा नदी, सिंभोऱ्याला अप्पर वर्धासारखं मोठं धरण, आणि तरीही मे महिन्यात वरच्या गावांतल्या विहिरी आणि बोअर कोरडे. जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं अशा भागांच्या शासकीय यादीत मोर्शी आणि वरुड वर्षानुवर्षं आहेत. त्यामुळे माझे बहुतेक अनुभव जुन्या तलावांतून गाळ काढण्याच्या कामाचे, म्हणजे राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेच्या आसपासचे आहेत. पण वृद्धाश्रम चालवणाऱ्या, दिव्यांग मुलांची शाळा चालवणाऱ्या संस्थांचे प्रस्तावही मी पाहिले आहेत, काहींना लिहायला मदत केली आहे. कागद सगळीकडे जवळपास सारखाच अडतो.

हे लिहिण्याचं कारण असं की आमच्याकडे कामाची ओढ असलेली माणसं पुष्कळ आहेत, पण अनुदानाचा विषय निघाला की ती मागे सरतात. मग कुणीतरी ‘प्रस्ताव लिहून देणारा’ गाठला जातो. तो टक्केवारी घेतो, जुन्याच प्रस्तावात गावाचं नाव बदलतो, आणि संस्थेला स्वतःच्या कामाबद्दल काय लिहिलंय हेसुद्धा ठाऊक नसतं. ज्या माणसांनी उन्हात उभं राहून काम करायचं, त्यांनीच तो कागद लिहावा असं मला मनापासून वाटतं. ते जमतं. कसं जमतं ते सांगते.

१. शेवटचा कागद सगळ्यात आधी वाचावा

अनुदानाच्या फाइलीतला शेवटचा कागद म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. कार्यालयात सगळे त्याला ‘यूसी’ म्हणतात. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये संस्थांसाठी त्याचा नमुना ठरलेला आहे, जीएफआर १२-अ. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक किती होती, व्याज किती मिळालं, अनुदान किती आलं, खर्च किती झाला, उरलं किती, हे सगळं त्यात रकान्यांत भरायचं असतं. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्याच कामावर तो खर्च झाला आणि त्याची आम्ही खात्री करून घेतली, असं सहीनिशी लिहून द्यायचं असतं. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो सादर व्हावा लागतो. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजही संस्थेचं नसतं, ते शासनाकडे परत जातं. राज्याच्या योजनांचे नमुने वेगळे असतात, विचारणा मात्र हीच.

नवीन कार्यकर्ता प्रस्ताव लिहायला बसला की मी हा नमुना त्याच्यासमोर ठेवते. प्रस्तावातलं प्रत्येक वाक्य लिहिताना त्यानं स्वतःला विचारायचं: वर्षभरानं या वाक्यापुढे मी कोणता आकडा, कोणतं बिल, कोणती नोंद लावणार? ‘शेतकऱ्यांमध्ये जलजागृती निर्माण करणे’ या वाक्यापुढे लावायला काहीच सापडत नाही. ‘गावच्या पाझर तलावातून १०,००० घनमीटर गाळ काढून तो पंचवीस एकरांवर टाकणे’ या वाक्यापुढे मोजमाप लागतं, सातबारे लागतात, फोटो लागतात. शेवटाकडून मागे येत लिहिलं की अर्धं शब्दांचं पीक आपोआप गळून पडतं, आणि कामाचा आराखडाच नीट होतो. माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा हा एवढाच आहे. पुढचं सगळं त्यातून निघालेलं आहे.

२. शासन निर्णय स्वतः वाचावा, ताजा वाचावा

योजनेची माहिती बहुतेकांना वर्तमानपत्रातल्या बातमीतून किंवा कुणाच्या तरी तोंडून मिळते. तेवढ्यावर प्रस्ताव लिहू नये. शासन निर्णयाच्या सुरुवातीला ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, ती लोक सोडून देतात. खरं तर कोणत्या जुन्या निर्णयातली कोणती अट अजून जिवंत आहे, ते तिथूनच उलगडत जातं. नंतर निघालेली शुद्धिपत्रकंही शोधावी लागतात.

गाळाच्या योजनेचंच बघा. ती २०१७ च्या मे महिन्यात सुरू झाली तेव्हा यंत्रसामग्री दानशूर संस्थांनी आणायची, शासन फक्त इंधनाचा खर्च देणार आणि गाळ शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं वाहून न्यायचा, अशी रचना होती. जानेवारी २०२३ मध्ये योजना नव्या रूपात आली. यंत्र आणि इंधन मिळून घनमीटरला ३१ रुपये, आणि अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकऱ्याला गाळ शेतात पसरवण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे. तेही एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत, म्हणजे ३७,५०० रुपये. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरी यांना जमीन जास्त असली तरी लाभ मिळतो. वाळू काढायला पूर्ण बंदी आहे. आता कुणी २०१७ चा प्रस्ताव समोर ठेवून नवा लिहिला तर त्यातला शेतकऱ्यांचा सगळा भागच चुकणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गावातल्या गरीब शेतकऱ्याच्या हक्काचा पैसा प्रस्तावात मागितलाच जाणार नाही.

आत्महत्याग्रस्त कुटुंबांची ती ओळ मी आमच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवते. अमरावती जिल्ह्यात ती ओळ म्हणजे कुणाचं तरी घर आहे. लाभार्थी यादी करताना त्या घरांपर्यंत आधी जायचं, हा आमचा नियम.

३. तलाव कुणाचा, हे विचारून घ्यावं

गावातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, ‘तलाव गावाचा’. कागदावर तसं नसतं. सर्वसाधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव आणि बंधारे जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टरपर्यंतचे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि त्याहून मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे, आमच्याकडे विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या अखत्यारीत. सालबर्डीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी गेलात तर जागा वनखात्याची निघू शकते, आणि मग परवानगीचा रस्ताच वेगळा. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खोदलेल्या कितीतरी पाझर तलावांच्या नोंदी आज धड सापडत नाहीत. प्रस्ताव लिहिण्याआधी तलावाचा गट नंबर, मालक यंत्रणा, बांधल्याचं वर्ष आणि मूळ साठवणक्षमता एवढं मिळवावं. मूळ क्षमता मिळाली तर किती गाळ साचला याचा अंदाज करता येतो. ती नसेल तर तलावाच्या पोटात चार-सहा ठिकाणी खड्डे घेऊन मूळ माती कुठे लागते ते पाहावं.

मालकीइतकाच वापराचा प्रश्न. तलाव मासेमारी सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला असतो. पाणी उतरल्यावर पोटातल्या गाळपेर जमिनीवर कुणी टरबूज-काकडी लावलेली असते. ही माणसं गावच्या सभेत मागे बसतात, बोलत नाहीत, आणि पोकलेन आली की समोर येऊन उभी राहतात. त्यांचं पोट त्या तलावावर आहे. त्यांच्याशी आधी बोलावं, कोणत्या भागात कधी खोदणार ते ठरवावं, माशांसाठी खोल डोह राखावा, आणि हे सगळं प्रस्तावात एका परिच्छेदात लिहावं. असा परिच्छेद मी फार कमी प्रस्तावांत पाहिला आहे. ज्यांत असतो त्यांचं काम मध्येच बंद पडत नाही.

४. आकडे गावात तयार व्हावेत

शिवारफेरीत एका वयस्क बाबांनी मला अडवलं होतं. “ताई, घनमीटर कोनं पाह्यला? ट्रॉल्या किती पडतीन थे सांगा.” त्यांचा प्रश्न मला फार कामाचा वाटला. तेव्हापासून गावातल्या बैठकीत आम्ही फळ्यावर गणित मांडतो, आणि तेच गणित जसंच्या तसं प्रस्तावात जातं.

शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. साधारण ट्रॉलीत एक ब्रासच्या आसपास गाळ बसतो. शासन एकरी ४०० घनमीटर धरतं, म्हणजे एकशे एक्केचाळीस ब्रास. एवढा गाळ एकरावर सारखा पसरला तर थर होतो सुमारे दहा सेंटिमीटरचा, चार इंचांचा. तलावातून १०,००० घनमीटर काढायचे असतील तर त्याला पंचवीस एकर रान लागेल. अडीच एकरांची मर्यादा धरली तर निदान दहा शेतकरी हवेत, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण अनेकांकडे हलकी जमीन एक-दीड एकरच असते. साडेतीन हजार ब्रास वाहायचे. दहा ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या दिवसाला दहा खेपा, म्हणजे पस्तीस दिवस. लग्नसराई, ट्रॅक्टर बिघडणं, वळवाचा पाऊस धरून दीड महिना. खर्चाच्या बाजूला यंत्र-इंधनाचे ३,१०,००० रुपये आणि शेतकऱ्यांचे ३,५७,५०० रुपये. फायद्याच्या बाजूला तलावात एक कोटी लिटर पाण्याची नवी जागा.

हे फळ्यावर पाहिल्यावर लोक बोलायला लागतात. “गाळ घेतो म्हनतो मी, पन ट्रॅक्टरचं डिझेल तवाच टाका लागते, पैसा मांगून येते,” असं कुणी म्हणतं, आणि ते बरोबर असतं. देयक मोजमापानंतर निघतं. मग ट्रॅक्टरवाले किती दिवस थांबतील, कोण उधारीवर डिझेल देईल, ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याचं काय, हे त्या बैठकीत ठरतं. प्रस्तावात ‘लोकसहभाग’ हा शब्द सगळेच लिहितात. आम्ही त्याखाली शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, क्षेत्र, जमिनीचा प्रकार आणि वाहतूक कोण करणार, असा तक्ता जोडतो आणि त्यावर ज्याच्या त्याच्या सह्या असतात. तपासणारा अधिकारी आमच्याकडे आला की त्या तक्त्यावरचं कोणतंही नाव निवडून सरळ त्या घरी जाऊ शकतो. याहून भक्कम जोडपत्र मला माहीत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यावरून पुढे वाद होतात. खोदलेला गाळ सुटा होतो आणि फुगतो. त्यामुळे ट्रॉल्यांवरून काढलेला आकडा आणि तलावातल्या खड्ड्याच्या मापावरून काढलेला आकडा कधीच जुळत नाही. ट्रॉल्यांचा नेहमी जास्त भरतो. देयक कोणत्या मापावर निघणार आणि माप कोण, कधी घेणार, हे प्रस्तावाच्या वेळीच संबंधित अभियंत्याला विचारून लिहून ठेवावं. ट्रॉल्यांची नोंद तरीही ठेवावीच, कारण कोणत्या शेतात किती गेला हे तिच्यावरूनच कळतं.

५. काय करणार नाही, तेही लिहावं

आमच्याकडे गाळ म्हटला की संत्राबागाईतदार आधी पुढे येतो. त्याची तळमळ खरी असते. बाग वाळताना पाहणं सोपं नाही. पण संत्र्याच्या मुळांना पाण्याचा निचरा लागतो. चिकण गाळ आळ्यात भरला की पाणी साचतं, बुंध्याशी ओल राहते, आणि फायटोप्थोरा बुरशीला वाव मिळतो, म्हणजे तोच डिंक्या, ज्याला इथला प्रत्येक बागाईतदार घाबरतो. आधीच भारी असलेल्या काळ्या जमिनीला तर गाळाचा काही उपयोगच नाही. गाळ हवा तो मुरमाड, खरबाड, उथळ रानाला, जिथे सोयाबीन-तूर-कपाशी पाऊस दहा दिवस लांबला की माना टाकते.

म्हणून आमच्या प्रस्तावात स्पष्ट लिहिलेलं असतं की संत्र्याच्या उभ्या बागेत गाळ टाकला जाणार नाही, भारी जमिनीचे गट यादीत घेतलेले नाहीत, आणि टाकण्याआधी तलावातल्या गाळाचा नमुना माती तपासणीला दिला जाईल. तलावाच्या भिंतीच्या पायथ्यापासून सुरक्षित अंतर सोडून खोदकाम होईल, मूळ मातीचा थर फोडला जाणार नाही, हेही. पाझर तलावाचा तळ गरजेपेक्षा खोल गेला तर दगड उघडा पडतो आणि भिंतीला धोका होतो, ही भीती अभियंत्याच्या मनात असतेच. आपण ती आधीच लिहिली की त्याला कळतं, या माणसांना काम कळतं.

बागाईतदाराला नाही म्हणताना मात्र त्याला मोकळ्या हातानं पाठवू नये. तलावात वाढलेलं पाणी त्याच्याही विहिरीखाली मुरणार आहे, आणि अंबिया बहार धरणाऱ्याला उन्हाळ्यात तेच लागतं.

६. दोन पंचांगं समोर ठेवावीत

शासनाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तलाव कोरडा पडायला लागतो मार्चमध्ये, पुरता मोकळा होतो एप्रिल-मेमध्ये. मृग नक्षत्र लागलं की यंत्र बाहेर काढावंच लागतं. म्हणजे गाळाचं काम नेमकं दोन आर्थिक वर्षांच्या सांध्यावर येतं. हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याचा प्रस्ताव मंजूर होतो आणि पावसाळ्यात कार्यारंभ आदेश हातात पडतो. आणि काम मार्चअखेर अर्धं झालं असेल तर त्या वर्षीचा हिशेब अर्धाच दाखवायचा, उरलेलं पुढच्या वर्षी. पूर्ण झाल्यासारखं दाखवायचं नाही.

दुसरं पंचांग ग्रामसभेचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभा. उन्हाळ्यात काम हवं असेल तर ठराव १५ ऑगस्टला किंवा फार तर २ ऑक्टोबरला व्हायला हवा. २६ जानेवारीच्या ठरावावर धावपळ होते, १ मेचा ठराव त्या वर्षाच्या कामाचा नाही. ठरावात ‘गाळ काढण्यास हरकत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. तलावाचं नाव, गट नंबर, संस्थेचं नाव, योजनेचं नाव, अंदाजे किती गाळ, आणि तो गावातल्याच शेतकऱ्यांना मिळेल, हे सगळं हवं. ठरावाचा मसुदा आपणच तयार करून आठ दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा. सभेत तो वाचला जाईल याची काळजी घ्यावी, आणि तो वाचला जाताना बायाबापड्या तिथे असतील याचीही. सरपंच-उपसरपंच बदलतात, इतिवृत्तात नोंद असली की काम टिकतं.

हिवाळ्यात मग फाइल तालुक्यावरून जिल्ह्याला जाते. या योजनेची जिल्हास्तरावरची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. समितीची बैठक कधी आहे हे विचारत राहावं.

७. संस्थेचे कागद

इथे मी पटकन पुढे जाते, कारण हे काम एकदा नीट केलं की दरवर्षी फक्त राखायचं असतं. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, प्राप्तिकराची (१९६१ च्या कायद्यात १२-अब आणि ८०-जी) नोंदणी. यातली प्राप्तिकराची नोंदणी २०२१ नंतर कायमची राहिली नाही, नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. दिव्यांगांसाठीची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना केंद्राच्या ई-अनुदान पोर्टलवरून जाते. तिथे दिव्यांग हक्क कायदा २०१६ खालची नोंदणीही लागते.

सगळ्यात जास्त प्रस्ताव अडतात ते विश्वस्तांच्या यादीवर. निवडणूक होते, नवे पदाधिकारी येतात, आणि धर्मादाय कार्यालयात कलम २२ प्रमाणे बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा राहून जातो. परिशिष्ट एकच्या उताऱ्यात मग अजून जुने अध्यक्ष असतात, कधी दिवंगत झालेले. प्रस्तावावर सही नव्या अध्यक्षांची, उताऱ्यावर नाव जुन्यांचं. तपासणाऱ्यानं काय करावं? बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज द्यावा आणि त्याची पोच प्रस्तावाला जोडावी. निकाल लागायला वेळ लागतो, पोच तरी दाखवता येते.

८. टिप्पणी लिहिणाऱ्यासाठी लिहावं

आपल्याला वाटतं, प्रस्ताव मोठे साहेब वाचतात. साहेब वाचतात ती टिप्पणी, आणि ती लिहितो लिपिक किंवा कनिष्ठ अभियंता. त्याच्याकडे ढीगभर फाइली असतात. आपल्या प्रस्तावातला परिच्छेद त्याला जसाच्या तसा उचलता आला तर फाइल लवकर हलते आणि, त्याहून महत्त्वाचं, आपलं म्हणणं न बदलता वरपर्यंत जातं.

म्हणून पहिल्या पानावर एवढंच: कोणता तलाव, कोणाच्या ताब्यात, किती गाळ, किती एकर, किती शेतकरी, किती रुपये, कोणत्या शासन निर्णयाच्या कोणत्या परिच्छेदाखाली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. प्रत्येक आकड्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. संस्थेचा इतिहास, पुरस्कार, मान्यवरांच्या भेटी मागच्या पानावर, थोडक्यात. गावाची व्यथा लिहावी, जरूर लिहावी, पण तीही मोजता येईल अशी. ‘भीषण पाणीटंचाई’ हे शब्द जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रस्तावात असतात. ‘मे महिन्यात गावातल्या अमुक इतक्या सार्वजनिक विहिरींपैकी अमुक कोरड्या, टँकर अमुक तारखेपासून सुरू’ हे फक्त आपल्या गावाचं असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. अटल भूजल योजनेत मोर्शी-वरुडच्या गावांचे पाण्याचे ताळेबंद झालेले आहेत. ते आकडे शासनाचेच आहेत; ते मागून घ्यावेत आणि आपल्या प्रस्तावात वापरावेत. शासनाचा आकडा शासनाला पटवून द्यावा लागत नाही.

९. मोजणाऱ्या पोरांचा पगार

योजना घनमीटरचे पैसे देते. बांधावर उभं राहून ट्रॉल्या लिहिणाऱ्या मुलाचे, फोटो काढून नोंद करणाऱ्या मुलीचे, फाइल घेऊन अमरावतीला जाणाऱ्या कार्यकर्त्याचे पैसे त्यात धरलेले नसतात. हे पैसे कुठून येणार ते आधी ठरवावं. काही संस्था ते घनमीटरमध्ये ‘बसवतात’. ते कधीही करू नये, आणि तसं करायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आम्ही या खर्चासाठी गावातून, संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडून, परगावी नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांकडून वेगळी वर्गणी घेतो, वेगळी पावती देतो, वेगळ्या खात्यात ठेवतो, आणि प्रस्तावात ‘संस्थेचा स्वतःचा वाटा’ म्हणून दाखवतो. अनुदानाला वेगळं बँक खातं आणि वेगळी रोजकीर्द, हे सांगायला नको.

याच कामासाठी दुसऱ्या कुठल्या खात्याकडे किंवा कंपनीच्या सामाजिक निधीकडे अर्ज केला असेल तर तोही उघड लिहावा. केंद्राच्या नियमांत तर याबद्दल प्रमाणित करूनच द्यावं लागतं. एका कंपनीनं यंत्र दिलं आणि शासनाकडून यंत्राचे पैसे घेतले, असं कुठे आढळलं तर एका संस्थेचं नाव जात नाही, तालुक्यातल्या सगळ्यांचं जातं.

१०. त्रुटीपत्र आलं तर

आनंदानं घ्यावं. त्रुटीपत्र आलं याचा अर्थ कुणीतरी फाइल वाचली. मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्यावं, त्याच क्रमानं, जोडपत्रांसह, आणि आवक क्रमांक घेऊनच कार्यालयातून निघावं. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नये. उत्तर द्यायला आठ दिवसांपेक्षा जास्त लावू नयेत.

प्रस्ताव नामंजूर झाला तर कारण लेखी मागावं. ते मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच अर्जातून मंजूर झालेल्या एखाद्या प्रस्तावाची प्रतही मागता येते, आणि एक चांगला मंजूर प्रस्ताव वाचणं हे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकवतं. हा अधिकार आपल्यालाही लागू होतो, हे ध्यानात असू द्यावं. शासनाच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या स्वयंसेवी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. मला ते योग्य वाटतं. आमच्या संस्थेच्या कार्यालयात अनुदानाची फाइल कुणालाही बसून पाहता येते, अर्ज न करता.

११. वाढवून लिहा म्हणणाऱ्यांचं ऐकू नये

“थोडं वाढवून लिहा, नाहीतरी ते कापतात.” हा सल्ला मला जितक्या आपुलकीनं मिळाला आहे तितका दुसरा कुठलाही नाही. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरीही तो ऐकू नये, कारण वाढवलेला आकडा पुढे कुठेतरी पुरा करावा लागतो, आणि तो पुरा करताना कुणाची तरी खोटी सही लागते. ती सही बहुतेक वेळा गावातल्या सगळ्यात गरीब शेतकऱ्याची असते.

याची किंमत कशी पसरते ते महाराष्ट्रानं ग्रंथालयांच्या बाबतीत पाहिलं आहे. १९६७ च्या कायद्याखाली राज्यातल्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. २०१२ मध्ये राज्यभर त्यांची पडताळणी झाली. काही ठिकाणी कागदावरची ग्रंथालयं निघाली. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि चालू ग्रंथालयांची वर्गवाढ वर्षानुवर्षं थांबून राहिली. इमानदारीनं दोन कपाटं पुस्तकांची भरून संध्याकाळी दिवा लावून बसणाऱ्या माणसालाही तोच फटका बसला. गाळाच्या कामात असं होऊ नये, ही जबाबदारी आपल्यासारख्या लहान संस्थांवर आहे, कारण आपणच बांधावर असतो.

१२. पहिली बकेट पडण्याआधी

मंजुरी आली की हार-नारळाआधी मोजणी करून घ्यावी. तलावाच्या पोटातल्या पातळ्या अभियंत्यासमोर घ्याव्यात, कायम राहतील अशा खुणा दगडावर रंगवाव्यात, त्याच चार जागांवरून त्याच दिशेनं काम सुरू होण्याआधी, मध्ये आणि संपल्यावर फोटो काढावेत. योजनेचं नाव, मंजूर रक्कम, गाळाचं परिमाण आणि संस्थेचं नाव लिहिलेली पाटी तलावावर लावावी, म्हणजे गावातलं कुणीही आपल्याला हिशेब विचारू शकेल. खालच्या अंगाच्या पाच-सहा विहिरी निवडून त्यांची पाण्याची पातळी तेव्हाच लिहून घ्यावी, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा, मग दर मे महिन्यात. त्या विहिरींची नोंद हा पुढच्या तलावाच्या प्रस्तावातला पहिला तक्ता असतो.